सातवं काडतूस

आपल्या बापाची चूक चारचौघांत ओरडून सांगायची वेळ आली, आणि हाताशी एका श्वासापुरताच वेळ असला, तर तुम्ही ओरडाल का?

लगेच हो म्हणू नका. मीही लगेच हो म्हटलं असतं. माझ्या घशावर माझा फार विश्वास होता. सात वर्षांची असताना मी वसईत रिक्षात बसून भोंग्यावरून ओरडले आहे. आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून बिल्डरांकडे चाललं होतं, आणि पप्पा आणि त्यांचे मित्र गावोगाव पत्रकं वाटत फिरत होते. माझा आवाज बारीक होता, पण लांब जायचा, म्हणून मला पुढे बसवायचे. घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले तीच मुळी पत्रकांवर. पत्रक कसं लिहायचं हे पप्पांनी मला शिकवलं ते असं: "वर प्रश्न टाकायचा, वाचणाऱ्याला टोचेल असा. खाली त्याला एक काम सांगायचं. मधे काय हवं ते लिही, पण खरं लिही."

म्हणून हेही तसंच लिहिते आहे.

मी अकरा वर्षांची असताना आम्ही कॅनडात आलो. पप्पा वसईत टूलरूममध्ये काम करायचे, इथे टोरोंटोच्या पश्चिमेला एका छोट्या कारखान्यात त्यांना तेच काम मिळालं. केसाच्या जाडीएवढा फरक ते बोटाने ओळखायचे. भोंगा, रिक्षा, मित्र, सगळं मागे राहिलं. इथे त्यांचा आवाज घरातच राहायला लागला, आणि मग घरातही कमी झाला. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या यंत्रावर एक गोरा टूलमेकर होता. तो निवृत्त होताना पप्पांना म्हणाला, शनिवारी माझ्याबरोबर चल, एक गंमत दाखवतो.

ती गंमत मला एका नाताळच्या आदल्या दिवशी कळली. मी तेव्हा डाउनटाऊनला खोली घेऊन शिकत होते. त्या दिवशी सकाळी सबवेच्या दाराशी थंडीत उभी राहून मी बंदुकांविरुद्ध तीनशे पत्रकं वाटली होती. संध्याकाळी घरी आले, तर बेसमेंटमध्ये कुलपाचं एक नवं कपाट, आणि त्यात लाकडी दस्त्याची रायफल.

"हे काय आहे?"

"लिव्हर रायफल. जुन्या नमुन्याची आहे. हे बघ, हा दांडा असा खाली ओढला की..."

"पप्पा, मी आज सकाळी याच्याविरुद्ध तीनशे पत्रकं वाटून आलेय."

"मग एक मलाही दे. वाचतो."

त्यांनी खरंच वाचलं. पेन्सिल घेऊन, खुर्चीत बसून. परत देताना म्हणाले, "दुसऱ्या परिच्छेदातलं 'रक्तपिपासू' काढ. कोणाला म्हणतेस? मला? मी लोखंडी ताटलीला मारतो, बाय."

ते खरंच ताटल्यांनाच मारत होते. काऊबॉय पद्धतीची नेमबाजी असते ती. जुन्या धाटणीच्या बंदुका, अंगावर जुने कपडे, डोक्यावर टोपी, आणि जवळच उभ्या केलेल्या पोलादी ताटल्या. घड्याळ लावून एकेकाने मारत जायचं. गोळी लागली की ताटली टणकारते. नेम कठीण नसतो, घाई कठीण असते. तिथे प्रत्येक जण एक टोपणनाव घेतो. पप्पांनीही घेतलं होतं, पण ते मी इथे सांगणार नाही. त्या नावाने त्यांना हाक मारणारी माणसं वेगळी होती. जाकीट त्यांना विकत घ्यावं लागलं नाही. लग्नातल्या थ्रीपीस सुटाचं, वसईच्या शिंप्याने शिवलेलं काळं जाकीट त्यांनी बाहेर काढलं. मम्मी म्हणाली, "माझ्या लग्नातला नवरा मला परत मिळाला. फक्त टोपी चुकीची आहे."

मला हसू आलं नाही. मी त्यांना विचारलं, "ज्यांच्या जमिनी या काऊबॉय लोकांनी लाटल्या, ती माणसं आजही इथे आहेत. आपण जमिनीसाठी, पाण्यासाठी भांडलो. आणि तुम्ही लुटणाऱ्यांचं सोंग घेता?"

ते म्हणाले, "हे खरं आहे."

"मग?"

"मग काय. शनिवारी तिथे मला माणसं भेटतात."

त्यानंतर आम्ही तीनेक वर्षं या विषयावर बोललो नाही. मी माझी पत्रकं वाटत राहिले, ते त्यांच्या ताटल्या वाजवत राहिले.

पुढे त्यांच्या हाडांचं दुखणं निघालं. हाडाच्या आतच रोग होता, आणि तो हाडं पोखरत होता. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, फावड्याने बर्फ उपसायचा नाही, कुठेही झटका बसू द्यायचा नाही. एक बरगडी नुसत्या खोकल्याने मोडली. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. ज्या बोटांना केसाचा फरक कळायचा, त्यांना आता शर्टाचं बटण सापडेना. मी खोली सोडली आणि बेसमेंटमध्ये राहायला आले.

वसंतात त्यांनी मला एक गोष्ट मागितली. सप्टेंबरात क्लबची हंगामातली शेवटची स्पर्धा असते, ती त्यांना खेळायची होती. पुढचा हंगाम ते बघणार नव्हते. हे आम्ही कोणी मोठ्याने बोललो नाही, पण घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

"जिंकायचं नाही मला," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर एकदा दहाच्या दहा वाजवायच्या आणि टोपी काढायची. बस."

रायफल झटका देते. पण काडतुसं घरी भरली, तर तो झटका कमी करता येतो. एकदा वापरलेलं पितळी कवच परत घ्यायचं, बुडाला नवी प्रायमर बसवायची, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, मग आत मोजून पावडर घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. पावडर कमी तेवढा झटका कमी. या खेळातले बरेच जण हलकी काडतुसं भरतात. पप्पांना ती सगळ्यांपेक्षा हलकी हवी होती. बोटं चालत नव्हती, म्हणून माझे हात हवे होते.

मी बंदुकीच्या लायसन्सचा कोर्स केला. माझ्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. पण ज्याच्याविरुद्ध लिहायचं ते आधी पूर्ण वाचायचं, हेही मला पप्पांनीच शिकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं.

बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या पलीकडे, त्यांचं बाक होतं. बाकावर दांडा ओढायचा प्रेस, एक नाजूक काटा, आणि पावडरच्या कंपनीने छापलेली माहितीची पुस्तिका. पप्पा उंच स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. मम्मी जिन्यातून डोकावून म्हणायची, "बापलेकींचा दारूगोळा झाला असेल, तर जेवायला या."

पहिल्या वर्षांत ते जी पावडर वापरत, ती फुगीर होती, मुरमुऱ्यासारखी. थोडी घातली तरी कवच भरायचं. ती दुकानांतून नाहीशी झाली. आम्ही टोरोंटोच्या आसपासची सगळी दुकानं पालथी घातली. दुसरी मिळाली ती दाट. तिचं योग्य माप घातलं, तरी कवचाच्या तळाशीच राहायचं. पप्पांच्या रायफलचं कवच मोठं, जुन्या काळातल्या काळ्या पावडरीसाठी बनवलेलं. आठ माणसांच्या टोपात एकाचा भात शिजवावा तसं ते दिसायचं. त्यातूनही पप्पा म्हणायचे, "अजून जरा कमी कर."

मी कमी केलं. मग अजून कमी केलं.

जूनमध्ये पहिल्यांदा क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो, तर काडतुसांनी तक्रार सुरू केली. कवचं काळी होऊन बाहेर पडत. पितळ एका बाजूने काजळी धरल्यासारखं. पप्पांच्या गालावर धूर यायचा. आणि आवाज सारखा नव्हता. एकदा 'पट्', एकदा 'पुक्'. एका मापाने भरलेली दहा काडतुसं आणि दहा वेगळे आवाज.

पप्पांचा तो टूलमेकर दोस्त बरोबर असायचा. सत्तरी ओलांडलेला, दोन्ही कानांत यंत्र. त्याने मला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. "हलकी काडतुसं वापरतो तिथे एकच भीती असते. आवाज फारच हलका आला, तर गोळी नळीतून बाहेर पडलेली नसते. आतच अडकते. मारणाऱ्याला ते घाईत कळत नाही. तो पुढची गोळी तिच्यावर मारतो, आणि नळीच फुटू शकते. म्हणून मागे उभं राहून जो ऐकतो, त्याने ओरडायचं. 'स्टॉप'. चूक निघाली तर नंतर माफी माग. पण आधी ओरड."

"ओरडायचं तर तिला शिकवू नकोस," पप्पा हसून म्हणाले. "हिने आमचा अख्खा तालुका जागा केला होता."

मग आम्ही दोष शोधायला लागलो, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा महिना होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसा तो होता. पप्पांनी जे आयुष्यभर केलं तेच आम्ही केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. आधी प्रायमर बदलल्या. काही फरक नाही. मग काट्यावर संशय आला, म्हणून दोस्ताचा काटा आणून प्रत्येक माप दोनदा तोललं. काटा बरोबर होता. मग वाटलं, गोळी कवचात ढिली बसते, म्हणून पावडर नीट पेटायच्या आधीच सुटते. तोंडाशी कवच अधिक घट्ट आवळलं. काजळी थोडी कमी झाली, आवाज तसेच राहिले.

"दोष लपत नसतो, बाय," पप्पा म्हणायचे. "आपण चुकीच्या ठिकाणी बघत असतो."

जुलैतल्या एका शनिवारी मला ते दिसलं. पप्पा एकेक काडतूस भरून मारत होते. दमले की रायफल उभी धरून, नळी आभाळाकडे करून, जरा श्वास घ्यायचे. आणि अशा श्वासानंतरचा आवाज नेहमी चांगला यायचा. मी म्हटलं, "पप्पा, या वेळी नळी आधी खाली करा, मातीकडे. मग हळूच सरळ करा आणि मारा."

'पुक्'. ताटली जेमतेम वाजली.

"आता आधी वर करा. मग हळूच सरळ."

'पट्'. टण्ण!

पप्पांनी रायफल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी पास झाल्यावरही त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं. मोठ्या कवचात ती चिमूटभर पावडर इकडेतिकडे सरकत होती. नळी वर केली की ती मागे, प्रायमरपाशी यायची आणि नीट पेटायची. नळी खाली केली की पुढे गोळीकडे जायची, आणि ठिणगीला मधली रिकामी जागा ओलांडावी लागायची.

"सापडलं!" पप्पा ओरडले. त्या महिन्यात त्यांचा तेवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "टोपात भात कमी, म्हणून खळखळतो!"

घरी येऊन मी पुस्तिका उघडली. पानाच्या तळाशी, जाड अक्षरांत एक ओळ होती. दिलेल्या किमान मापाच्या खाली जाऊ नये, गोळी नळीत अडकू शकते. आम्ही केव्हाच त्या मापाच्या खाली गेलो होतो. मी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

"लिहितात ते," ते म्हणाले. "वकिलांना घाबरून लिहितात."

हे त्यांनी म्हणावं! ज्यांनी मला शिकवलं की छापलेल्या प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी हात भाजलेला असतो. मी पुस्तिका त्यांच्यासमोर ठेवली. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "बरं. पुस्तिकेतलं माप भर. बघू."

पुढच्या शनिवारी मी पूर्ण मापाची दहा भरून नेली. त्यांनी तीन मारली. तिन्ही आवाज एकसारखे आले, स्वच्छ. कवचं काळी झाली नाहीत. आमच्या सगळ्या तक्रारी मिटल्या होत्या. पप्पांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, आणि उजवा हात त्यांनी डाव्या हाताने पोटाशी धरला होता.

दोस्त म्हणाला, "पोरांची पॉइंट टू-टू रायफल घे माझी. झटकाच नाही तिला."

"पोरांची आहे ना ती?"

"हो."

"मग पोरांना दे."

गाडीत परत येताना दोन्ही बाजूंना मका उभा होता. पप्पा म्हणाले, "हलकीच भर. मी दर वेळी नळी वर करेन आणि मग मारेन. आपल्याला दोष माहीत आहे ना आता? माहीत असलेल्या दोषाला घाबरायचं कशाला?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. बंदुकांविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि माझ्या बापाला एक 'नाही' म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "बरं."

ऑगस्टभर आम्ही सराव केला. एकेक काडतूस भरायचं, नळी वर, सरळ, मारायचं. एकदाही चुकलं नाही. आमची चूक याच सरावात होती, आणि ती आम्हा दोघांनाही दिसली नाही. दोघं सावकाश, एकेक करून तपासत होतो, कारण त्यांचा खांदा तेवढंच सोसायचा आणि मीही त्यांना तेवढंच करू द्यायचे. स्पर्धेत दहा काडतुसं एकदम रायफलच्या पोटात जातात. टेबलावरून ती आडवी उचलायची, आणि धाडधाड दांडा ओढत मारत सुटायचं. प्रत्येक ओढीला आतली पावडर कुठे सरकेल, याचा नेम नाही. नळी वर करायला मधे वेळच नसतो. एका वेळी एकच गोष्ट तपासणाऱ्या दोन माणसांनी घाई तपासलीच नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी हवा स्वच्छ होती, मेपल नुकते लाल व्हायला लागले होते. पप्पांनी लग्नाचं जाकीट घातलं. ते आता त्यांना दोन माणसांचं होत होतं, मम्मीने पाठीमागून पिना लावून आवळलं. क्लबातल्या लोकांनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. एक जण ओरडला, "आलास का? आम्ही म्हटलं, तुझ्याशिवाय आमच्यात शेवटचं कोण येणार!" पप्पा खूष झाले. आजारपणात सगळे हळू बोलायला लागले होते, टोमणे बंद झाले होते.

प्रत्येकाच्या मागे तीन मोजणारे उभे राहतात. किती ताटल्या हुकल्या ते बोटांवर मोजायचं. पप्पांच्या वेळी एक मोजणारी मी होते. त्यांचा दोस्त घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी उभा होता.

घड्याळ वाजलं. पप्पांनी रायफल उचलली. एक, टण्ण. दोन, टण्ण. त्यांच्या पाठीवर जाकिटाच्या पिना चमकत होत्या. तीन, चार. मागचे लोक आकडे ओरडायला लागले. पाच. सहा.

सातव्याला 'पुक्' झालं. पुकही नाही, कोणी उशीवर थाप मारावी तसं. ताटली वाजली नाही. पप्पांच्या गालाशी धुराची बारीक रेघ आली.

मी ऐकलं. मला कळलं. हे मी आधी स्वतःशीही नाकारत होते, आता नाकारत नाही. त्या एका श्वासात माझ्या मनात काय आलं तेही मला आठवतं. मी ओरडले, तर डाव इथेच थांबेल. सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून रायफल काढून घेतील, नळीत सळई घालतील. तीनच उरलेत. कदाचित नुसतीच हुकली असेल. आणि माझ्या काडतुसांनी त्यांना दगा दिला, हे सगळ्यांना कळेल.

मी हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एक हुकली.

पप्पांनी दांडा ओढला आणि आठवं मारलं.

तो आवाज जड होता, आत घुसमटलेला. रायफल त्यांच्या खांद्यावर आपटली, आणि ते गुडघ्यांवर खाली बसले, कोणी बसायला सांगितल्यासारखे. टोपी पुढे पडली. त्यांना ती काढायला मिळाली नाही.

खांद्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणसाला नुसतं खरचटलं असतं. आजार त्याच्या गतीने पुढे गेलाच असता, असंही ते म्हणाले. मी ते लक्षात ठेवते, पण त्यावर टेकत नाही. उजवा हात पुन्हा वर झाला नाही. त्यांना जेवण मी भरवायचे.

नोव्हेंबरात एका दुपारी त्यांनी रायफल मागितली. मी ती रिकामी आहे हे दोनदा बघून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि बधिर टोकं टाळून डाव्या हाताच्या बोटांची पेरं नळीवरून सावकाश नेली. एका जागी थांबले.

"इथे."

तिथे नळीला फुगवटा होता. नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नव्हता.

"सातवी इथे अडकली होती," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच, "तू ऐकलं होतंस ना?"

"हो, पप्पा."

"माझ्या दोस्ताच्या कानांत यंत्रं. माझ्या कानांवर झाकणं. बाकीच्या दोन मोजणाऱ्यांना तो 'पुक्' ओळखीचा नव्हता. तुलाच कळणार होतं."

"हो."

"मग ओरडली का नाहीस, बाय? लहानपणी तर तुला गप्प करायला बर्फाचा गोळा घेऊन द्यावा लागायचा."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "तुमच्या दहा व्हाव्यात असं वाटत होतं."

ते बराच वेळ नळीवरून बोट फिरवत राहिले. "मलाही," म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही एक पत्रक लिहिलं. ते सांगायचे, मी लिहायचे, अगदी पूर्वीसारखं. क्लबातल्या लोकांसाठी होतं, म्हणून इंग्रजीत, एका पानाचं. किमान मापाच्या खाली जाऊ नका. काजळी, सारखे नसलेले आवाज, गालावर धूर, ही काडतुसाने आधीच दिलेली नोटीस समजा. जसं खेळणार तसंच तपासा, घाईसकट. झटका सोसत नसेल, तर काडतूस हलकं करत बसू नका, पोरांची रायफल घ्या. हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

मी त्यात एक ओळ घातली होती: मोजणाऱ्या मुलीने हलका आवाज ऐकला होता, तरी ती ओरडली नाही.

"ही काढ," पप्पा म्हणाले.

"का? खरं आहे."

"पत्रकात घरचं माणूस द्यायचं नसतं."

"तुम्हीच म्हणता, खरं लिही."

"बाय, मी अजून आहे. मी आहे तोवर तरी ती ओळ नको."

मी ती खोडली.

ते फेब्रुवारीत गेले. जमीन गोठलेली होती, म्हणून माती द्यायला एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. मम्मीने पिना काढून टाकल्या आणि त्यांना ते जाकीट तसंच, सैल घातलं. दफनाला क्लबातले लोक साध्या कोटांत आले. दोस्ताने मात्र टोपी आणली होती. त्याने ती घातली, आणि कबरीपाशी उभा राहून काढली. माझ्या शेजारी येऊन तो म्हणाला, "त्या दिवशी मी काहीच ऐकलं नाही, पोरी." तो मला विचारत होता की स्वतःचं सांगत होता, मला कळलं नाही. मी म्हटलं, "मी ऐकलं होतं." त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पत्रक आता क्लबात बाकांच्या वर भिंतीला लावलेलं आहे. ती ओळ मी त्यात परत घातली आहे, आणि खाली माझं नाव.

बंदुकांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते मी पुन्हा कधीतरी मांडेन आणि त्यात विशेषणं कमी ठेवेन. पण माझ्या बापाला बंदुकीने मोडलं असं मी म्हणू शकत नाही. पुस्तिकेतली ओळ मी वाचली होती. आवाज मी ऐकला होता. प्रेमाने गप्प राहिले, इतकंच.

आता खालची ओळ, वाचणाऱ्याला सांगायचं काम. तुमच्या घरातही कोणीतरी काहीतरी जरा जरा कमी करत आणलेलं असेल. औषधाची गोळी असेल, जेवण असेल, निसरड्या दारात चालताना धरायची काठी असेल. तुम्ही त्यात त्यांना मदतही करत असाल, त्यांचा मान राहावा म्हणून. हे पान खाली ठेवा, त्यांच्या खोलीत जा, आणि तुम्हाला जे ऐकू आलं आहे ते आजच त्यांना सांगा. हळू सांगू नका. बोट दाखवू नका. ओरडा.